ठाऊक असलेलं विचारू नये

गुरुवारी मधल्या सुट्टीत तो कागद खडूबाईंच्या हातात पडला आणि कपातला चहा तसाच निवून गेला. निळा फॉर्म, वर शिक्का, खाली सह्यांसाठी तीन रेघा. पहिल्या रेघेवर तपासनीस साहेबांची झोकदार सही. दुसरीवर मुलीच्या आईची, अडखळत काढलेली. तिसरी रेघ रिकामी, ती बाईंची. सोमवारी दहा वाजता बैठक, तिथे ही सही पडली की अकराला गाडी येणार आणि सगळे जिला टोपी म्हणत त्या मुलीला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या विशेष शाळेत घेऊन जाणार. तिथे गेलेलं मूल इकडे परत आल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं.

"सही? माझी?" बाई भिंतीला म्हणाल्या. "वाट बघा म्हणावं."

बाईंच्या बाहीवर, केसांवर, चष्म्याच्या काड्यांवर कायम खडूची पूड. म्हणून मुलांनी नाव पाडलं खडूबाई. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या पाठीमागे नुसतं खडूस म्हणत, आणि खोटं कशाला सांगा, तेही अगदीच चुकीचं नव्हतं. एकोणीस वर्षं नोकरी झाली, पण पुढे पुढे करणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणूनच तर जिन्याखालची खोली त्यांच्या गळ्यात पडली.

ही खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची. चेंडू गेले, रबराचा वास तेवढा राहिला. उडी मारायचा एक लाकडी घोडा तर अजून कोपऱ्यातच आहे, दारातून बाहेरच निघत नाही. खिडकी नाही, वर हातभर झरोका. आणि दारावर पाटी काय, तर 'स्वागत वर्ग'. स्वागत! पाहुण्याला जिन्याखाली बसवून स्वागत करणारं घर तुम्ही कुठे पाहिलंय का? लढाई पेटली म्हणून घरंदारं टाकून पळालेल्यांची सात मुलं तिथे बसत. सगळी दहा-अकरा वर्षांची, म्हणजे पाचवीच्या वयाची. पण पाचवी होती वर, उजेडात. आधी इथली भाषा शिका, मग वर या, असा नियम. वर्ष भरत आलं की एकेकाची परीक्षा. साहेब यायचे, चाळीस चित्रं दाखवायचे आणि प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारायचे, "हे काय आहे?" तीस उत्तरं बरोबर आली की पाचवी. कमी आली की पुन्हा जिन्याखाली. आणि एकही आलं नाही, तर हा निळा फॉर्म. टोपीची परीक्षा पहिली झाली, कारण हजेरीत तिचं नाव पहिलं.

टोपी म्हणजे अकरा वर्षांची एक किडकिडीत मुलगी. कानावर येणारी तपकिरी लोकरीची टोपी तिने वर्षभरात एकदाही काढली नव्हती. टोपी होती मोठ्या माणसाची. कडा दोनदा दुमडूनही भुवयांवर उतरायची.

फॉर्मावर शेरा होता. बाईंनी तो तीनदा वाचला. 'मुलगी एकाही चित्राला उत्तर देत नाही. चित्र परीक्षकाच्या हातून काढून घेते व पालथे ठेवते. परीक्षकाचा हात वारंवार थोपटते. बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे असावी.'

"मागे!" बाई कडाडल्या. "कोण मागे आहे ते बघतेच मी."

तशाच तरातरा त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, आणि त्यामुळेच माणसाला जास्त चीड यायची.

"मी सही करणार नाही," खडूबाई दारातूनच म्हणाल्या.

"बसा ना."

"बसायला आले नाही. ती मुलगी मंद नाही. मी रोज बघते तिला."

"असं म्हणता?" मोठ्या बाईंनी शांतपणे फाईल उघडली, एक पान काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "हे तुम्हीच लिहिलंय. सहामाही अहवाल. 'चित्र किंवा वस्तू दाखवून विचारल्यास गप्प राहते.' खाली सही तुमची. साहेबांनी वेगळं काय लिहिलं?"

लिहिलं होतं खरं. सातही अहवाल एका तासात लिहायचे म्हणून घाईघाईत खरडलं होतं, आणि आता तेच वाक्य पोरीच्या गळ्याला लागलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"तिथे शिक्षक चांगले आहेत हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिच्याच भल्याचं आहे."

"असतील चांगले. ज्याचा पाय मोडलाय त्याने कुबडी घ्यावी. हिला कशाला?" खरं तर त्या शाळेतली मुलंही याच शाळेत, याच बाकांवर असायला हवीत, हे खडूबाईंचं जुनं भांडण. पण एका वेळी एकच भांडण नेटाने करावं, एवढं शहाणपण एकोणीस वर्षांत त्यांना आलं होतं.

"सोमवारी साहेब येताहेत. त्यांच्यासमोर बोला," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फाईल मिटली.

शुक्रवारी सकाळी बाई वर्गात आल्या त्या रात्रभर न झोपलेल्या माणसासारख्या. डोळे चुरचुरत होते आणि चष्मा सापडत नव्हता. ही रोजचीच तऱ्हा. बाईंचा चष्मा दिवसातून चारदा हरवायचा आणि बहुतेक वेळा डोक्यावरच असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी डोकं चाचपलं, टेबलाचा खण उपसला, घोड्यामागे वाकून बघितलं.

"अरे, माझा चष्मा कोणी पाहिला का?"

"आज डोक्यावर नाही," मागून आवाज आला. टोपी उभी राहिली होती. "तुम्ही सकाळी वर गेला. दुसरा मजला. हात धुतला. चष्मा काढला, नळाच्या बाजूला ठेवला. मग तुम्हाला घंटा ऐकू आली, तुम्ही पळाला. मी आणू? तो ओला असणार."

बाई बघतच राहिल्या. बुद्धीची वाढ मागे! उच्चार अडखळता होता, पण अडलं कुठेच नव्हतं. आणि हे आज पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. वर्षभर चष्मा हीच शोधून देत होती. किल्ली कुठे, हजेरी कुणी नेली, पाऊस थांबला का, सगळ्याची उत्तरं हीच देत होती. फक्त बाईंनी त्याला कधी भाषा म्हटलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो चष्मा होता, धडा नव्हता.

टोपी चष्मा घेऊन आली, स्वतःच्या बाहीने पुसलेला. बाईंनी तो चढवला, टेबलावरचं डस्टर उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

टोपीचं तोंड मिटलं. ती डस्टरकडे बघेना, बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हलकेच पुढे आली, बाईंच्या बोटांतून डस्टर सोडवलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि बाईंचा हात थोपटला. दोनदा.

"बसा, बाई," ती म्हणाली. "बसा."

तिच्या डोळ्यांत ना भीती होती ना हट्ट. होती ती दया. एकोणीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने बाईंकडे असं पाहिलं नव्हतं, आणि त्या मुकाट्याने खाली बसल्या.

"खडूचा नवा डबा कुठे ठेवलाय गं मी?" त्यांनी सावकाश विचारलं.

"घोड्याच्या मागे. तुम्ही परवा ठेवला, उंदीर खाईल म्हणून. उंदीर खडू खात नाही, बाई."

सगळी मुलं हसली. बाईही हसल्या, पण मनात एकच प्रश्न घोळत राहिला. जे मला ठाऊक नाही, ते ही सांगते. जे मला दिसतंय, ते का सांगत नाही?

दुपारी शाळा सुटली तशी बाईंनी थेट इस्पितळाचं धुलाईघर गाठलं. टोपीची आई तिथे चादरींना इस्त्री करायची. आत वाफ इतकी, की पुन्हा चष्म्याचं काही खरं नव्हतं. मोठा तापलेला रूळ गरगरत होता, एका बाजूने चुरगळलेली चादर आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायची. आई दोन टोकं पकडायची आणि घडी घालायची. जोडीदारीण रजेवर होती, म्हणून दुसरी दोन टोकं बाईंनी धरली. म्हटलं, बोलायचं तर हात रिकामे कशाला?

"तुम्ही सही का केलीत, ताई?" बाईंनी विचारलं.

आईने मान खाली घातली. "मोठ्या बाई म्हणाल्या, चांगली शाळा. आणि बाई, वाटेत आम्ही किती सह्या केल्या. सही केली नाही तर कोणी पुढे सोडत नाही."

"इथे उलटं आहे. इथे सही केली की पुढे सोडत नाहीत." बाईंनी चादरीची टोकं जुळवली. "मला एक सांगा. वस्तू हातात धरून विचारलं, हे काय आहे, तर ती पोर हात का थोपटते?"

आईच्या हातातून चादर सुटली.

"कोणाचा हात?"

"माझा थोपटला. परीक्षेत साहेबांचा थोपटला. चित्रं पालथी घातली सगळी."

आईने दोन्ही हात तोंडावर धरले. बाईंना वाटलं, रडते आहे. ती हसत होती. हसता हसता खाली बादलीवर बसली, आणि मग खरोखरच रडायला लागली.

"ते साहेब होते?" ती म्हणाली. "बाई, त्या दिवशी ती घरी आली, मला म्हणाली, आई, शाळेत एक म्हातारे आले होते. त्यांना आजोबांचा आजार झालाय. चाळीस वस्तू विसरले. कप विसरले, खिडकी विसरले. बिचारे सारखे विचारत होते. पण मी एकदाही हसले नाही. मी म्हटलं, शहाणी गं माझी बाय. तिच्या गालांवरून हात फिरवला. आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदावर सही केली!"

मग तिने सांगितलं. टोपीचे आजोबा, म्हणजे तिचे स्वतःचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळे मिटून स्क्रू ओळखायचे. तंबूंच्या छावणीत त्यांना विसर पडायला लागला. एका सकाळी त्यांनी चमचा वर धरला आणि विचारलं, हे काय आहे? नातीला वाटलं आजोबा गंमत करताहेत. ती हसून म्हणाली, चमचा! आणि म्हातारा पोराबाळांसमोर ओक्साबोक्शी रडला. आपल्याला चमचाही आठवत नाही, हे त्याला त्या हसण्यातून कळलं.

"आमच्यात तसंही मोठ्या माणसाच्या हातातल्या वस्तूचं नाव त्याला कोणी सांगत नाही," आई म्हणाली. "त्याला दिसत नाही का? सांगितलं तर अपमान. त्या दिवशी मी तंबूत नियम केला. आजोबांनी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. वस्तू हळूच काढून घ्यायची, पालथी ठेवायची, म्हणजे ती दिसणार नाही आणि ते पुन्हा घाबरणार नाहीत. हात थोपटायचा. बसा म्हणायचं. आठ महिने तिनेच केलं सगळं. मी कामाला जायची. शेवटी ते गेले तेव्हा हीच जवळ होती. ती टोपी त्यांची."

रूळ गरगरत राहिला आणि एक चादर घडी न होताच खाली ढीग होऊन पडली. खडूबाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. वर्षभर ही पोर आपल्यालाही आजारी समजत होती. रोज चष्मा हरवणारी, रोज 'हे काय, ते काय' विचारणारी बाई, दुसरं काय समजणार? आणि आपण अहवालात काय लिहिलं, तर गप्प राहते! तिने आपल्याला सांभाळलं होतं वर्षभर, आणि बदल्यात आपण हे दिलं.

"सही परत घेता येते का?" आईने विचारलं.

"घेता येत नसेल तर आपण घेऊ," बाई म्हणाल्या. "सोमवारी रजा टाका. आणि तोवर तिला काही सांगू नका. पढवून आणली म्हणतील."

सोमवारी दहाला मोठ्या बाईंच्या खोलीत पाच माणसं बसली होती. टेबलामागे मोठ्या बाई. शेजारी तपासनीस साहेब, पांढऱ्या केसांचे, नीटनेटके, समोर रबर लावलेला चित्रांचा गठ्ठा. माणूस वाईट नव्हता, बरं का. अकरा वर्षं तोच गठ्ठा घेऊन शाळाशाळा हिंडत होता आणि प्रत्येक फॉर्म स्वतःच्या हाताने भरत होता. समोर खडूबाई, आई आणि मध्ये टोपी. टोपीने साहेबांना पाहिलं आणि आधी त्यांना बसायला नीट खुर्ची आहे ना ते बघितलं.

बाईंनी निळा फॉर्म टेबलावर ठेवला. तिसरी रेघ कोरी. मग टोपीला पकडता येणार नाही अशा भरधाव वेगात सगळं सांगितलं. घड्याळवाले आजोबा, चमचा, नियम, सगळं.

"कथा छान आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कथा नाही, आठ महिने आहेत ते," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हणजे... मला विस्मरणाचा आजार आहे असं तिला वाटलं?"

"हो. आणि तिने तुमची फार काळजी घेतली."

"पण बाई, नियमाप्रमाणे वर्षात एकदाच परीक्षा घेता येते. ती झाली."

"कुठे झाली? परीक्षा झालीच नाही, साहेब. शुश्रूषा झाली." बाईंचा आवाज चढला तो चढलाच. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. चूक माझी आहे. वर्षभर मी तिला ठाऊक असलेलं विचारत बसले आणि ती बोलत नाही म्हणून लिहून मोकळी झाले. लिहा तुमच्या कागदावर, बाई मागे आहेत म्हणून. मला घाला गाडीत. ती जाणार नाही. ही सही मी आज करणार नाही, उद्या करणार नाही, निवृत्तीच्या दिवशी करणार नाही."

"तुमच्या नोकरीचा विचार करा," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"केला. शनिवार-रविवार तोच केला. आता तुम्ही तिचा करा."

तेवढ्यात आई उठली. कोणाची परवानगी न घेता ती लेकीसमोर उकिडवी बसली, तिच्या टोपीची कड नीट केली आणि आपल्या घरच्या भाषेत काहीतरी बोलली. चारच वाक्यं. बाईंना शब्द कळले नाहीत, पण काय सांगितलं ते कळलं. साहेब आजारी नाहीत. त्यांना सगळं माहीत आहे. तुला माहीत आहे का, एवढंच ते बघत होते.

टोपीने साहेबांकडे पाहिलं. आधी विश्वास बसला नाही. मग तिचा चेहरा असा काही तापला, की बाईंना वाटलं आता ही पळून जाते. गेली नाही. ती टेबलाशी आली, गठ्ठा ओढला आणि रबर काढलं.

"कप," ती म्हणाली आणि चित्र उताणं आपटलं. "खिडकी. शिडी. कात्री. बादली. झाडू." एकेक चित्र टेबलावर आदळत होतं. "पूल. बटण. कुलूप. मांजर." विसावं आलं, पंचविसावं आलं. ती थांबली ती घड्याळापाशी.

"घड्याळ. बिघडलेलं."

"बिघडलेलं कसं?" साहेबांनी विचारलं. या खेपेला त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"मोठा काटा सहावर. म्हणजे साडेतीन. मग छोटा काटा तीनवर कसा? तो तीन आणि चारच्या मध्ये पाहिजे. हे आजोबांकडे आणा... आणलं असतं तर त्यांनी नीट केलं असतं."

साहेबांनी चित्र जवळ घेतलं, चष्मा वर करून पाहिलं. अकरा वर्षं ते हे चित्र दाखवत होते. शेकडो मुलांनी घड्याळ म्हटलं होतं आणि साहेबांनी बरोबरची खूण केली होती. त्यांच्यासकट एकालाही छोटा काटा दिसला नव्हता.

"अडतीस," टोपी शेवटी म्हणाली. "ही दोन मला माहीत नाहीत. तुम्हाला माहीत आहेत?"

"हा जहाजाचा नांगर. आणि ही ऐरण, लोहाराची."

"बरं." तिने ती दोन मनातल्या मनात म्हणून ठेवली, ओठ हलताना दिसले. मग टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकले. "आता मी विचारते. मला जे माहीत नाही तेच विचारते. वर पाचवीच्या वर्गात चार बाकं रिकामी आहेत. मी रोज पाणी भरायला जाते तेव्हा बघते. खिडकीजवळ आहेत. कोणी बसत नाही. आम्ही सात आहोत. मग आम्हाला जिन्याखाली का ठेवलं?"

साहेब मोठ्या बाईंकडे वळले.

"ती शाळेची व्यवस्था आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"व्यवस्था म्हणजे काय?"

"एकोणीस वर्षं झाली," खडूबाई म्हणाल्या, "मलाही कोणी सांगितलेलं नाही."

साहेबांनी चाळीस चित्रं गोळा केली आणि घड्याळाचं तेवढं बाजूला काढून खिशात ठेवलं. मग निळा फॉर्म ओढला, त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पाचवीत बसवावे. आजपासून.' सही केली. या वेळी सही झोकदार नव्हती, पण वाचता येत होती. आई ती वाचत राहिली, बोट ठेवून, एकेक अक्षर.

"ठीक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "एका मुलीचं झालं. उरलेल्या सहा जणांच्या परीक्षा यथावकाश होतील. तोवर वर्ग आहे तिथेच चालेल."

टोपीने मान वळवून खडूबाईंकडे पाहिलं. काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण याचं उत्तर त्या दोघींनाही ठाऊक होतं.

खडूबाई उठल्या, मागोमाग टोपी आणि तिची आई. जिना उतरताना भीती वाटली नाही असं नाही. नोकरी कोणाला नको असते? पण आज एका अकरा वर्षांच्या पोरीने टेबलावर हात टेकून जो प्रश्न विचारला, तो आपण एकोणीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता, आणि आता विचारण्याची वेळही टळली होती. आता करायचंच बाकी होतं. त्यांनी जिन्याखालचं दार उघडलं. सहा तोंडं त्यांच्याकडे वळली.

"दप्तरं उचला," बाई म्हणाल्या.

"कुठे जायचं, बाई?"

"वर. पाचवीत. चार बाकं, आठ जागा. सात तुम्ही. एक उरते, तिथे मी बसेन."

मग जो गलका उठला, त्याने लाकडी घोडासुद्धा दचकला असेल. एकाने खडूचा डबा घेतला, एकाने डस्टर, एकीने भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ताच उतरवून गुंडाळला. बाईंनी दारावरची 'स्वागत वर्ग' ही पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारली. वरात निघाली. सगळ्यात पुढे टोपी, कारण पाण्याच्या वाटेने तिला प्रत्येक पायरी पाठ होती. मागे आई, कामाच्या कपड्यांत, अंगाला साबणाचा वास. दोन्हीकडच्या वर्गांतून माना बाहेर आल्या. पाचवीचे सर दारात आले, बघितलं आणि दार सताड उघडून बाजूला झाले.

मोठ्या बाई धापा टाकत मागून आल्या आणि दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर सात मुलं, सात दप्तरं, एक गुंडाळलेला तक्ता आणि काखेत पाटी घेतलेल्या खडूबाई. सगळं लख्ख दिसत होतं. तरी पहिल्यांदाच आवाज चढवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे? हे काय चाललंय?"

टोपीने दप्तर खाली ठेवलं. ती मोठ्या बाईंजवळ गेली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला. दोनदा. या खेपेला त्या आजारी नाहीत हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बसा, मोठ्या बाई," ती म्हणाली. "बसा."

मग तिने दप्तर उचललं, त्यांच्या बाजूने आत गेली आणि खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसली.